दुसरी भाषा डोक्यात राहते तरी कुठे?

दिवसभर दुसऱ्या भाषेत काम करणाऱ्या माणसाला कधी काहीतरी मोजताना बघा. बोलणं त्या भाषेत, मेल त्या भाषेत, वेळ आली तर भांडणसुद्धा त्याच भाषेत, पण समोर खोक्यांची चळत आली की ओठ हलायला लागतात आणि तोंडातल्या तोंडात सुरू होतं एक, दोन, तीन, चार. विचारलं तर तो स्वतःच हसतो, कारण त्याच्या लक्षातही आलेलं नसतं.

असं का होतं याचं बऱ्यापैकी उत्तर आहे. २००१ मध्ये एलिझाबेथ स्पेल्की आणि त्यांच्या सहकारी संशोधिकेनं रशियन आणि इंग्रजी दोन्ही बोलणाऱ्या लोकांना काही नवीन गणितं शिकवली, काही रशियनमधून, काही इंग्रजीतून. ज्या भाषेतून शिकवलं त्याच भाषेत विचारलं तर उत्तर पटकन आलं, दुसऱ्या भाषेत विचारलं तर रेंगाळलं. पण नुसता अंदाज विचारला, म्हणजे नेमकं उत्तर नको, जवळपासचा आकडा कुठला तेवढं सांगा, तर भाषा बदलूनही काही फरक पडला नाही. म्हणजे अंदाज बांधणारी यंत्रणा भाषेवर फारशी अवलंबून नाही, पण पाढे ज्या भाषेत पाठ झाले त्या भाषेला चिकटूनच बसलेत.

आता यावरून लगेच वाटतं की डोक्यात मातृभाषेची एक खोली असेल, दुसऱ्या भाषेची दुसरी, आणि पाढे पहिल्या खोलीत राहिले असतील. तसं नाहीये, आणि गंमत तिथूनच सुरू होते.

मेंदूत प्रत्येक भाषेला वेगळा कप्पा असतो का?

सुरुवात थोडी जुनी आहे. १८६१ मध्ये पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या डॉक्टरकडे एक पेशंट होता, त्याला समोरच्याचं बोलणं बरंचसं कळायचं पण स्वतःला मात्र "टॅन" एवढंच बोलता यायचं. तो गेल्यावर ब्रोकांनी मेंदू पाहिला तर डाव्या बाजूला, पुढच्या भागात इजा सापडली. १८७४ मध्ये जर्मनीच्या कार्ल वेर्निके यांनी उलट प्रकार मांडला, म्हणजे बोलणं धो धो सुरू पण अर्थ लागत नाही, आणि इजा डावीकडेच पण जरा मागे, कानाच्या वरच्या पट्ट्यात. तेव्हापासून बोलणं इथं आणि समजणं तिथं असा एक ढोबळ नकाशा झाला. आज तो फारच ढोबळ वाटतो, प्रत्यक्षात भाषा म्हणजे बऱ्याच भागांचं मिळून चाललेलं जाळं आहे, पण पाया म्हणून ठीक आहे.

मग दुसरी भाषा या नकाशात कुठे बसते? हे बघायला जी दोन साधनं वापरतात तेवढी एकदा सांगून टाकतो, पुढे लागतील. एक एफएमआरआय, म्हणजे मेंदूचा जो भाग काम करतो तिथं ऑक्सिजनवालं रक्त जास्त जातं, त्याचा फोटो. जागा चांगली दाखवतं पण काही सेकंद मागे असतं. दुसरं ईईजी, डोक्यावर इलेक्ट्रोडची टोपी घालून विजेच्या लाटा मोजायच्या. जागा नीट कळत नाही, पण हजारांश सेकंदात काय झालं ते कळतं. एक नकाशा देतो, दुसरं घड्याळ.

१९९७ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात एक प्रयोग आला आणि तो खूप गाजला. दोन भाषा येणाऱ्या लोकांना स्कॅनरमध्ये झोपवून सांगितलं की काल दिवसभरात काय केलं ते मनातल्या मनात सांगा, एकदा या भाषेत, एकदा त्या भाषेत. ज्यांनी दोन्ही भाषा लहानपणापासून उचलल्या होत्या त्यांच्यात ब्रोकांच्या भागात दोन्ही भाषा एकाच जागी दिसल्या, आणि ज्यांनी दुसरी भाषा मोठेपणी शिकली त्यांच्यात त्याच भागात पण शेजारी शेजारी, वेगळ्या ठिपक्यांवर. वेर्निकेंच्या भागात मात्र कोणातच फारसा फरक नाही.

झालं, लोकांनी त्यातून कप्प्यांची गोष्ट उचलली. पण पुढच्याच वर्षी इटलीतल्या डॅनिएला पेरानी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की उशिरा शिकलेली भाषासुद्धा माणूस खरोखर अस्खलित बोलत असेल, तर गोष्ट ऐकताना मेंदूचा नकाशा लहानपणी शिकलेल्यांसारखाच दिसतो. म्हणजे कधी शिकलात यापेक्षा किती येते हे जास्त मोजावं लागतं. स्कॅनमध्ये भाषा कच्ची असेल तर इकडचे तिकडचे जास्तीचे भाग मदतीला आलेले दिसतात, पक्की झाली की पसारा आवरतो.

म्हणून मेंदू जास्त 'पेटला' म्हणजे जास्त हुशार, हे समीकरण डोक्यातून काढून टाका. २०२४ मध्ये एव्हेलिना फेडोरेन्को यांच्या गटानं अनेक भाषा येणाऱ्या ३४ लोकांचे स्कॅन केले. जी भाषा जास्त चांगली येते तिला भाषेचं जाळं जास्त जोरात प्रतिसाद देत होतं, हे अपेक्षितच, पण मातृभाषा आली की प्रतिसाद उलट कमी. रोजच्या वाटेवरून चालताना पायाकडे बघावं लागत नाही, तसलाच प्रकार असणार.

कप्पे अजिबातच नाहीत असंही म्हणता येत नाही हां. मेंदूच्या काही ऑपरेशनमध्ये पेशंटला जागं ठेवतात आणि मेंदूवर बारीकसा विजेचा प्रवाह देऊन बघतात की इथं धक्का दिला तर बोलणं थांबतं का. १९७८ मध्ये जॉर्ज ओजेमन आणि हॅरी व्हिटेकर यांनी दोन द्विभाषिक पेशंटबद्दल लिहिलं, काही जागांवर दोन्ही भाषांतली वस्तूंची नावं अडली, पण काही जागांवर एकाच भाषेतली. घर एकच, स्वयंपाकघरही एकच, पण एखाददुसरं कपाट ज्याचं त्याचं असं काहीतरी म्हणा.

एक भाषा बोलताना दुसरी गप्प बसते का?

नाही! मला विचाराल तर या सगळ्या संशोधनातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे.

आधी तुमच्यावरच एक छोटा प्रयोग. हिंदीत कोणी म्हणालं "बच्चों को अच्छी शिक्षा मिलनी चाहिए" तर मराठी कान क्षणभर दचकतो, मुलांनी बिचाऱ्यांनी केलं काय? तुम्हाला अर्थ माहीत असतो, हिंदी चाललंय हेही माहीत असतं, तरी मराठीतली 'शिक्षा' डोकावून जाते. 'चेष्टा' शब्दाचंही तेच, हिंदीत प्रयत्न, आपल्याकडे थट्टा.

प्रयोगशाळेत हे नीट मोजलंय. विओरिका मारियन आणि मायकेल स्पायव्ही यांनी रशियन-इंग्रजी बोलणाऱ्या लोकांसमोर काही वस्तू ठेवल्या आणि नजर कुठे जाते ते कॅमेऱ्यानं टिपलं. रशियनमध्ये सांगितलं की तिकीट उचला, म्हणजे पोस्टाचं तिकीट, त्याला रशियनमध्ये 'मार्का' म्हणतात. बाजूला एक मार्कर पेन होतं. संभाषण पूर्ण रशियनमध्ये चालू असूनही लोकांची नजर आधी मार्करकडे जाऊन येत होती, कारण डोक्यात इंग्रजीही कान टवकारून बसलेली.

त्याहून भारी प्रयोग गिओम थिएरी आणि यान जिंग वू यांचा, २००७ चा. मातृभाषा चिनी असलेल्या पण इंग्रजी चांगली येणाऱ्या लोकांना फक्त इंग्रजी शब्दांच्या जोड्या दिल्या आणि विचारलं की अर्थाचा काही संबंध आहे का. ट्रेन आणि हॅम. संबंध काही नाही. पण चिनीत ट्रेनला 'हुओछे' आणि हॅमला 'हुओथुई', दोन्हीत 'हुओ' सामाईक. प्रयोगात चिनीचं नावही कोणी काढलं नव्हतं, लोकांना हा छुपा दुवा कळलाही नाही, पण ईईजीच्या लाटेत तो स्पष्ट दिसला. म्हणजे इंग्रजी वाचताना आत नकळत चिनी भाषांतर सुरूच होतं.

थोडक्यात दोन गवई कायम स्टेजवर बसलेत आणि माइक एकच आहे. दुसऱ्या भाषेत बोलणं म्हणजे तिचे शब्द आठवणं एवढंच काम नाही, पहिलीला सतत हातानं "थांब जरा" म्हणत राहणं हेही काम आहे, आणि पहिलीचा गळा जास्त तयार असल्यामुळे तिला थांबवणं अवघड. हे थांबवण्याचं काम भाषेचं जाळं एकटं करत नाही, कपाळामागचा भाग आणि मेंदूच्या आत खोलवर असलेली काही केंद्रं त्यात असतात, हीच केंद्रं इतर वेळीही घाईत हात आवरणं, लक्ष एका गोष्टीवरून दुसरीवर नेणं अशी कामं करतात. म्हणून झोप झाली नसेल किंवा टेन्शन असेल तर दुसरी भाषा आधी लंगडते. बुद्धी कुठे गेलेली नसते, माइकवाला दमलेला असतो.

आणि म्हणूनच बोलता बोलता भाषा मिसळणाऱ्याला "धड एकही येत नाही" म्हणणं मला पटत नाही. समोरच्यालाही दोन्ही भाषा येत असतील तर माइक मोकळा सोडणं हाच कमी कष्टाचा मार्ग आहे. मिसळतानासुद्धा लोक वाक्य कुठेही तोडत नाहीत, व्याकरण सांभाळूनच तोडतात, ते दोन्ही भाषा येत असल्याशिवाय जमत नाही.

मग व्याकरणातच का अडकतो?

हे वाक्य वाचा. "पत्र लिहून झाल्यावर त्यानं पेनाला टोपण लावलं आणि ढग खिशात ठेवला." ढग शब्दावर काहीतरी खटकलं ना? १९८० मध्ये मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड यांनी दाखवलं की असा अर्थाला न जुळणारा शब्द आला की साधारण ४०० मिलिसेकंदांनी ईईजीत एक ठराविक लाट येते. तिला एन-४०० म्हणतात. आता हे बघा, "मुलगी घरी गेला." इथं अर्थ कळतो पण व्याकरण तुटलं, आणि यावर वेगळी लाट येते, ६०० मिलिसेकंदांच्या आसपास, जणू मेंदू वाक्य परत उचलून दुरुस्त करतोय. ती पी-६००.

१९९६ मध्ये क्रिस्टीन वेबर-फॉक्स आणि हेलन नेव्हिल यांनी वेगवेगळ्या वयात इंग्रजीच्या संपर्कात आलेल्या चिनी भाषकांवर हे तपासलं. अर्थाच्या चुकीला बहुतेकांचा मेंदू जवळपास सारखाच दचकला. व्याकरणाच्या चुकीला मात्र जे उशिरा आले त्यांचा प्रतिसाद वेगळा निघाला.

का, याचं एक स्पष्टीकरण मायकेल उलमन देतात ते समजायला सोपं आहे. आपल्या स्मरणशक्तीच्या निदान दोन जाती आहेत. एक 'काय' लक्षात ठेवणारी, नावं, तारखा, शब्द. दुसरी 'कसं' लक्षात ठेवणारी, सायकल चालवणं, पोहणं. मातृभाषेचं व्याकरण दुसऱ्या जातीत असतं. खुर्ची 'ती' का, टेबल 'ते' का आणि पंखा 'तो' का, सांगा बघू नियम? नाही सांगता येणार, पण चूकही होणार नाही. मोठेपणी शिकणारा हेच सगळं पहिल्या जातीच्या स्मरणात भरतो, नियम पाठ करून, आणि मग बोलताना प्रत्येक वाक्याला तो नियम वर काढतो. सायकलवर बसून तोल सांभाळण्याचं पुस्तक वाचण्यासारखं. सरावानं हळूहळू काम 'काय'कडून 'कसं'कडे सरकतं आणि हे ईईजीतही दिसतं, नवख्या शिकणाऱ्यांना व्याकरणाच्या चुकीवर आधी एन-४०० येते, जणू एखादा अनोळखी शब्दच आला, आणि पुढे भाषा मुरली की पी-६००.

दुसऱ्या भाषेत गोंगाटात ऐकायला जास्त त्रास होतो तोही इथलाच. मातृभाषेत अर्धा शब्द बुडाला तरी उरलेला सवयीनं भरून निघतो, दुसऱ्या भाषेत भरायला तेवढा साठाच नसतो.

वय गेलं की दार बंद होतं का?

एक दार बंद होतं, आणि ते आपण समजतो त्याहून खूप लवकर. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ मध्ये इंग्रजी घरातल्या बाळांना हिंदीतले 'त' आणि 'ट' ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना फरक कळला, दहा-बारा महिन्यांच्या फार थोड्यांना. इंग्रजी बोलणाऱ्या मोठ्या माणसांना तर तो फरक धरणं फारच जड जातं, आणि आपल्याला कळतच नाही की यात अवघड काय आहे. पण हे बहिरेपण नव्हे, मेंदूनं केलेली काटकसर आहे, जो फरक घरात कोणी वापरत नाही तो कशाला सांभाळा.

आणि ही शिकवण टीव्हीवरून होत नाही. पॅट्रिशिया कूल यांनी २००३ मध्ये ९ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना १२ वेळा चिनी ऐकवली. समोर माणूस बसून खेळत बोलला त्या बाळांनी चिनी आवाज उचलले, तेच बोलणं व्हिडिओवर किंवा नुसतं ऐकवलं त्यांनी काहीच नाही. बाळाला भाषा शिकू दे म्हणून स्क्रीन लावून देणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

व्याकरणाचं दार मात्र उशिरापर्यंत उघडं असतं. २०१८ मध्ये जोशुआ हार्ट्सहॉर्न, जोशुआ टेनेनबॉम आणि स्टीव्हन पिंकर यांनी जवळपास ६.७ लाख लोकांकडून इंग्रजी व्याकरणाची ऑनलाइन क्विझ सोडवून घेतली. त्यांचं म्हणणं, व्याकरण शिकण्याचा वेग साधारण १७-१८ वर्षांपर्यंत टिकतो आणि मग घसरतो, पण मातृभाषकासारखं यायचं तर सुरुवात दहा-बारा वर्षांच्या आत हवी कारण पुढची बरीच वर्षं सरावाला लागतात. हे आकडे नंतर इतरांनी पुन्हा तपासले आणि सगळ्या गटांना एकच वळण लागू होत नाही असं म्हटलं, त्यामुळे १७ हा आकडा दगडावरची रेघ समजू नका. आणि घसरणीत सगळं मेंदूचंच असतं असंही नाही, त्या वयानंतर शाळा सुटते, नोकरी लागते, चुकलं की लाज वाटते.

"पण माझं डोकं आता घेतच नाही" म्हणणाऱ्यांसाठी माझ्याकडे दोन प्रयोग आहेत. पहिला २००४ चा, ज्युडिथ मॅक्लॉफलिन, ली ऑस्टरहाउट आणि सहकाऱ्यांचा. फ्रेंच शिकायला लागलेल्या विद्यार्थ्यांना खरे आणि खोटे फ्रेंच शब्द दाखवले. सरासरी १४ तासांच्या शिकवणीनंतर विद्यार्थ्यांची उत्तरं म्हणजे निव्वळ नाणेफेक होती, पण त्यांच्या मेंदूच्या लाटा खऱ्या आणि खोट्या शब्दांत फरक करायला लागल्या होत्या. म्हणजे आपल्याला "काही येत नाही" वाटत असतं तेव्हा आत काम सुरू झालेलं असतं.

दुसरा स्वीडनच्या लष्करातल्या दुभाष्यांचा, २०१२ चा. अरबी, रशियन, दारी अशा भाषा तरुण मुलांना तिथं अक्षरशः रात्रंदिवस घोटून घेतात. तीन महिन्यांत त्यांच्या हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे नव्या आठवणी पक्क्या करणाऱ्या भागाचा, आकार वाढलेला दिसला आणि भाषेच्या काही भागांची जाडीही. तितकाच अभ्यास करणाऱ्या इतर विद्यार्थ्यांत तसं दिसलं नाही. आणि ज्यांना अभ्यास जास्त जड गेला त्यांच्यात कपाळामागच्या एका भागाची वाढ जास्त होती, हे मला फार आवडलं.

दोन भाषांनी डोकं तल्लख होतं, डिमेन्शिया टळतो, हे खरं का?

फॉरवर्डमध्ये येतं तितकं सरळ नाही. २००४ पासून एलेन बियालिस्टोक यांच्या प्रयोगांनी आशा दाखवली की कायम माइक सांभाळणाऱ्या लोकांचं लक्षावरचं नियंत्रण इतर कामांतही चांगलं असतं. पुढे दुसऱ्यांनी तेच करून पाहिलं तर कधी फरक दिसला कधी नाही, मग असंही निघालं की फरक दिसलेले अभ्यास छापून यायचं प्रमाण जास्त होतं, आणि २०१८ मध्ये बऱ्याच अभ्यासांचा एकत्र हिशोब केला तेव्हा मोठ्या माणसांत फायदा जवळपास उरलाच नाही. त्यामुळे मूल हुशार होईल म्हणून भाषा शिकवत असाल तर कारण कच्चं आहे. भाषा येईल म्हणून शिकवा की, ते काय कमी आहे?

डिमेन्शियाचं प्रकरण जास्त तग धरून आहे. हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमध्ये सुवर्णा अल्लादी आणि सहकाऱ्यांनी ६४८ पेशंटच्या नोंदी बघितल्या, २०१३ मध्ये ते छापून आलं. दोन किंवा जास्त भाषा बोलणाऱ्यांत लक्षणं सरासरी ४.५ वर्षं उशिरा सुरू झाली होती. यावर पहिला आक्षेप येतो की दोन भाषा येणारे जास्त शिकलेले असतील, फायदा शिक्षणाचा असेल. पण इथं कधी शाळेत न गेलेल्यांमध्येही फरक होता, म्हणून या अभ्यासाला वजन आहे. दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे, माणसं आजारी पडायच्या आधीपासून वर्षानुवर्षं लक्ष ठेवलेल्या अभ्यासांत हा फायदा बहुतेक वेळा दिसत नाही. आणि उशिरा म्हणजे टळला नव्हे. कॅनडातल्या एका अभ्यासात सारख्याच अवस्थेतल्या पेशंटची तुलना केली तर दोन भाषा बोलणाऱ्यांच्या मेंदूची झीज उलट जास्त होती, म्हणजे आजार आत आलाच होता, फक्त मेंदू जास्त काळ निभावून नेत होता.

मातृभाषेतलं बोलणं जास्त का लागतं?

तुर्की मातृभाषा असलेल्या आणि इंग्रजी नंतर शिकलेल्या लोकांना लहानपणी आई-बाप रागावतात तसली वाक्यं दोन्ही भाषांत ऐकवली आणि त्वचेवरच्या घामाचा बारीक फरक मोजला, तर तुर्कीतल्या रागावण्यानं अंग जास्त शहारलं. अर्थ दोन्हीत कळत होता. पण एक वाक्य पाठीत धपाटा बसताना शिकलेलं आणि दुसरं वर्गात बसून. दुसऱ्या भाषेत शिवी देणं सोपं वाटतं ते यामुळेच, ती आपल्याला स्वतःलाच पूर्ण ऐकू येत नाही.

आणि पूर्ण विसरलेली भाषा?

३ ते ८ वर्षांची असताना कोरियातून फ्रान्समध्ये दत्तक गेलेल्या, आता मोठ्या झालेल्या लोकांना २००३ मध्ये स्कॅनरमध्ये कोरियन ऐकवली. काही नाही. ज्या भाषेशी त्यांचा कधीच संबंध आला नव्हता तशा भाषांइतकीच परकी. त्यावरून वाटलं की पाटी पूर्ण पुसली जाते.

मग २०१४ मध्ये माँट्रियलमधून दुसरा निकाल आला. साधारण एक वर्षाच्या असताना चीनमधून दत्तक आलेल्या, आणि तेव्हापासून फक्त फ्रेंच बोलणाऱ्या ९ ते १७ वर्षांच्या मुली. चिनी भाषेत सूर बदलला की शब्दाचा अर्थ बदलतो, तेच सूर त्यांना ऐकवले. फ्रेंचच येणाऱ्या इतर मुलींमध्ये हे सूर मेंदूच्या उजव्या बाजूला गेले, निव्वळ आवाज म्हणून. दत्तक मुलींमध्ये ते डाव्या बाजूला गेले, जिथं चिनी बोलणाऱ्या मुलींमध्येही जातात, भाषा म्हणून. त्यांना विचारलं असतं तर चिनीतला एक शब्द सांगता आला नसता.